विजेची मोटार आणि वाटेवरची गावे

(हैदराबाद येथे मराठी भाषिक नागरिक, शिक्षक, शासकीय कर्मचारी व सीमाभागातील ग्रामस्थ यांच्यासमोर एका प्रसिद्धी अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘विजेच्या मोटारीने लांबचा प्रवास’ हा विषय आपण मला दिला आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्रातील सूक्ष्म बाबी सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु शासनाच्या योजना लोकांपर्यंत आणि लोकांच्या अडचणी शासनापर्यंत पोचविणे हे माझे नित्याचे काम आहे. त्या नात्याने चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांचे सगेसोयरे लातूर, नांदेड, सोलापूर, पुणे येथे आहेत. लग्नसराईत, दिवाळीत, उन्हाळ्याच्या सुटीत ही ये-जा चालू असते. शहरात विजेची मोटार आनंदाने वापरणारे गृहस्थ पुण्याला निघण्याची वेळ आली की मात्र विचारतात, “वाटेत वीज संपली तर?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गाडीत वडीलधारी माणसे व लहान मुले असताना अपरात्री माळावर अडकून पडणे ही साधी गोष्ट नव्हे. माझे म्हणणे एवढेच आहे की, या प्रश्नाचे उत्तर मोटारीत जेवढे आहे त्याहून अधिक वाटेवरच्या गावांत आहे.

पहिला लांबचा प्रवास

मोटारीच्या इतिहासाचा आरंभच याची साक्ष देतो. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बेर्टा बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन पतीने बनविलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइम या आपल्या माहेरगावी निघाली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. त्या काळी पेट्रोलपंप हा प्रकारच नव्हता. इंधन संपत आले तेव्हा वीसलॉख गावातील औषधाच्या दुकानातून तिने डाग काढण्यासाठी विकला जाणारा द्रव घेतला व तोच टाकीत ओतला. वाटेत साखळी बिघडली ती लोहाराने दुरुस्त केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा त्यांवर चर्मकाराने कातडे बसवून दिले. ती बाई माहेरी सुखरूप पोचली आणि मोटार लांबचा पल्ला गाठू शकते हे जगाला कळले.

मोटार नवी होती, परंतु तिला पोचविणारी माणसे आपल्या गावगाड्यातील कारागिरांसारखीच होती. आज विजेची मोटार जवळपास त्याच अवस्थेत आहे. यंत्र तयार आहे, वाटेवरचा दुकानदार अजून पुरता तयार झालेला नाही.

आपल्याकडील पूर्वपीठिका

आपल्या भागातही रस्त्यावरील वाहतूक एका दिवसात उभी राहिली नाही. निजाम राज्याच्या रेल्वेने १९३२ साली अवघ्या २७ बसगाड्यांनिशी रस्तावाहतुकीचा विभाग सुरू केला. महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ही पहिली एस.टी. धावली. गावोगावचे थांबे, आगारे, निवारे पुढे टप्प्याटप्प्याने झाले.

विजेवरच्या प्रवासाचेही तसेच आहे. २००१ साली बंगळूरहून बाजारात आलेली ‘रेवा’ ही छोटी मोटार एका चार्जिंगमध्ये सुमारे ८० किलोमीटर जाई, म्हणजे ती शहरापुरतीच होती. २०२० साली आलेल्या टाटा नेक्सॉनच्या विजेवरील मोटारीत ३०.२ युनिटांची बॅटरी होती आणि प्रमाणित चाचणीत तिची धाव ३१२ किलोमीटर भरली. १ जून २०२२ रोजी त्याच पुणे–अहमदनगर मार्गावर एस.टी.ची ‘शिवाई’ ही विजेवरील बस सुरू झाली. मे २०२३ मध्ये तेलंगणाच्या परिवहन महामंडळाने हैदराबाद ते विजयवाडा या मार्गावर विजेच्या ‘ई-गरुड’ बसगाड्या सोडल्या. हा मार्ग म्हणजे पुणे, सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा असा जाणारा आपला राष्ट्रीय महामार्ग ६५ च होय. लांबच्या रस्त्यावर वीज चालते की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही.

हैदराबाद ते पुणे : एक हिशेब

हे अंतर सुमारे ५६० किलोमीटर आहे. दोन्ही शहरे दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून जवळपास सारख्याच उंचीवर वसली आहेत. रस्ता चढउताराचा असला तरी खंडाळ्यासारखा घाट वाटेत नाही. विजेच्या मोटारीला हा मार्ग अनुकूल आहे.

समजा, आपल्या मोटारीची बॅटरी ४० युनिटांची आहे. (युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलेच युनिट.) ताशी ८० किलोमीटरच्या बेताच्या वेगाने मध्यम आकाराच्या मोटारीला १०० किलोमीटरला साधारण १५ युनिटे लागतात. म्हणजे पुण्यापर्यंत ८४ युनिटे. घरून ४० युनिटे भरून निघालो आणि पोचताना ६ शिल्लक ठेवायची म्हटले, तर वाटेत ५० युनिटे घ्यावी लागतील. प्रत्येकी २५ युनिटांचे दोन थांबे पुरेत: पहिला सुमारे २०० किलोमीटरवर, उमरग्याच्या आसपास, दुसरा सोलापूर ओलांडल्यावर टेंभुर्णीच्या बाजूला. ३० किलोवॉटच्या चार्जरवर २५ युनिटे भरण्यास पाऊण तास ते तासभर लागतो. घरातील १५ अँपिअरच्या साध्या जोडणीवर त्याच कामाला आठ तास हवेत. ती सोय रात्रीच्या मुक्कामाची, वाटेवरच्या थांब्याची नव्हे.

हा हिशेब तीन गोष्टी बिघडवितात. पहिली गोष्ट वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरने गेल्यास तो दीडपटीहून जास्त होतो. दुसरी गोष्ट ऊन. सोलापूरच्या वैशाखात वातानुकूलन यंत्र सतत चालते आणि त्याचा भार बॅटरीवरच पडतो. तिसरी गोष्ट म्हणजे चाचणीतल्या आकड्यावरचा भरवसा. चाचणी ठरलेल्या परिस्थितीत होते; महामार्गावरील धाव तिच्याहून कमी भरते. म्हणून जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवावा आणि आपल्या मोटारीने मागील प्रवासात किती युनिटे घेतली त्याची वहीत नोंद ठेवून तिच्यावर चालावे.

थांबा बंद असेल तर

जाणकार प्रवासी आणखी एक नियम पाळतो. ज्या थांब्यावर वीज घ्यायची, तो बंद असेल असे गृहीत धरूनच तो निघतो. उमरग्याला वीज घेण्याचा बेत असेल तर तो हुमनाबादलाच चौकशी करतो आणि पुढच्या थांब्यापर्यंत पोचेल इतकी वीज राखून ठेवतो. यंत्र नादुरुस्त असणे, गावात भारनियमन असणे, मोबाईलला रेंज नसल्यामुळे पैसे भरता न येणे, चार्जरच्या जागेवर कोणीतरी दुसरीच गाडी लावून जेवायला गेलेला असणे, असे प्रसंग नित्य घडतात.

२०२४ सालअखेर देशातील सार्वजनिक चार्जिंग केंद्रांची संख्या २५ हजारांच्या वर गेली होती. आकडा समाधानकारक आहे. तथापि प्रवाशाच्या दृष्टीने कागदावरील शंभर केंद्रांपेक्षा रात्री दहा वाजता चालू असलेले एक केंद्र अधिक मोलाचे. एस.टी.च्या विजेच्या बसला ही विवंचना कमी असते, कारण तिचा थांबा ठरलेला असतो आणि त्या थांब्याला कोणी धनी असतो. खासगी मोटारीच्या वाटेवरही प्रत्येक चार्जरला असा धनी मिळाला पाहिजे.

गावाचा लाभ आणि गावाची काळजी

येथे ग्रामस्थांचा संबंध येतो. पेट्रोल भरणारा प्रवासी पाच मिनिटांत निघून जातो. रस्ते चौपदरी झाले, वळणरस्ते आले आणि कित्येक गावांच्या बाजारपेठा महामार्गापासून बाजूला पडल्या. विजेची मोटार मात्र पाऊण तास थांबते. त्या वेळात माणसे चहा घेतात, जेवतात, गावची चीजवस्तू विकत घेतात. नळदुर्गसारख्या ठिकाणी थांबा असेल तर किल्ला आणि बोरी नदीवरील पाणीमहाल पाहून येतात. हा थांबलेला प्रवासी म्हणजे गावाकडे परत वळलेली गिऱ्हाइकी आहे.

यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही. मोटार चार्ज करून देणे ही वीजविक्री नसून सेवा आहे, असे केंद्र शासनाच्या ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या मार्गदर्शक तत्त्वांत महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर केंद्र असावे, अशी अपेक्षा मांडली गेली. ढाबेवाला, सहकारी संस्था, बचत गट यांपैकी कोणीही सुरक्षेच्या अटी पाळून हे काम करू शकतो.

परंतु शेतकऱ्याच्या मनातील शंकाही रास्त आहे. ६० किलोवॉटचा एक जलद चार्जर म्हणजे ५ अश्वशक्तीच्या १६ कृषिपंपांचा भार! शहरातल्या पाहुण्याची मोटार भरावी आणि आमच्या उसाचे पाणी तुटावे, असे होता कामा नये. म्हणून अशा केंद्राला स्वतंत्र रोहित्र असणे इष्ट आहे आणि मंजूर भार तपासल्याशिवाय जोडणी घेऊ नये. २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सकाळी ९ ते दुपारी ४ या सूर्यप्रकाशाच्या काळात केंद्रांना स्वस्त दराने वीज देण्याची तरतूद आहे. दिवसा वीज घेणे गावाच्या व प्रवाशाच्याही सोयीचे ठरेल. अडलेल्या प्रवाशाला घरची जोडणी देताना आधी अर्थिंग आणि वायर पाहावी. तारेवर आकडा टाकून मोटार भरण्याचा विचार तर कोणी मनातही आणू नये. तो गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ आहे.

धुराचा हिशेब

कोणी विचारील, वीज तरी कोळशाचीच ना? प्रश्न योग्य आहे. देशाच्या वीजजाळ्यात एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चार्जिंगमधील घट धरून १०० किलोमीटरला १७ युनिटे मोजली, तर हा आकडा सुमारे १२ किलो होतो. लिटरला १५ किलोमीटर जाणारी पेट्रोल मोटार तेवढ्याच अंतरात सुमारे १५ किलो सोडते. आज फरक एवढाच आहे आणि तो फुगवून सांगण्याचे कारण नाही. मात्र सौर व पवन वीज जसजशी वाढेल तसतशी रस्त्यावरची तीच जुनी मोटार अधिकाधिक स्वच्छ होत जाईल. पेट्रोलच्या मोटारीला हे साधणार नाही. शिवाय शाळेसमोरून, दवाखान्यासमोरून जाताना तिच्या मागे धूर राहत नाही, हा लाभ आजच पदरात पडतो.

तीन विनंत्या

शेवटी तीन विनंत्या करतो. शासकीय सेवेतील सहकाऱ्यांना विनंती ही की, चार्जिंग केंद्राच्या जोडणीचा अर्ज इतर कागदांखाली दबू देऊ नये. केंद्र सुरू झाल्यावर तेथे उजेड, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आहे की नाही हेही पाहावे. केवळ उद्‌घाटनाची फीत कापून केंद्र चालत नाही.

शिक्षकांना विनंती ही की, वर मांडलेला हिशेब फळ्यावर घ्यावा. अंतर, वेग, वेळ, युनिट आणि टक्केवारी या साऱ्यांची उदाहरणे त्यात आहेत. सातवीतील मुलगी हा हिशेब करू लागली की घरातील माणसे वाटेला लागण्यापूर्वी तिला विचारतील.

ग्रामस्थांना विनंती ही की, हिरव्या पाटीची गाडी थांबलेली दिसली तर चार्जरची जागा मोकळी करून द्यावी. यंत्र बंद असेल तर ‘बंद’ अशी ठळक पाटी रस्त्यावरून दिसेल अशी लावावी. त्या एका पाटीने एखादे कुटुंब पाच किलोमीटर अलीकडेच सावध होईल. आणि प्रवासी बंधूंनीही मागे कोणी खोळंबले असेल तर पुढच्या थांब्यापुरती वीज मिळताच जागा सोडावी.

आपल्याकडे उन्हाळ्यात रस्त्याकडेला पाणपोई घालण्याची रीत आहे. माठ रोज भरणारा आणि भांडे रोज घासणारा माणूस असतो, म्हणूनच पांथस्थ त्या पाण्यावर विसंबतो. विजेच्या थांब्यालाही तशीच रोजची निगा लागेल. ती घेतली गेली, तर हैदराबादेतील सुनेला पुण्याच्या सासरी आणि पुण्यातील लेकीला हैदराबादच्या माहेरी निर्धास्तपणे जाता येईल.

जय हिंद!