कोरांटीची पेरणी

बाग म्हटली कीं मुबलक पाणी हवेंच, असा शहरांत समज आहे. देशावरच्या कोरड्या गांवीं त्यामुळें पुष्कळांची हौस पहिल्याच वैशाखांत सुकते. अशा उन्हाच्या जागेस पिवळी कोरांटी उत्तम. माळावर व कुंपणाशीं आपोआप वाढणारें हें काटेरी, बहुवर्षायु झुडूप आपल्याच मातींतलें आहे. लिनीअसनें १७५३ सालीं त्यास शास्त्रीय नांव दिलें. वज्रदंती म्हणूनहि ओळखलें जाणारें हें झुडूप वैद्यांस मात्र त्यापूर्वींच ठाऊक होतें.

बीं मिळविण्यास थोडें चातुर्य लागतें. चोंचीसारख्या टोकाच्या बोंडांत दोनच चपट्या बिया असतात, आणि पिकलेलें बोंड तडकून त्या दूर फेंकतें. म्हणून बोंड तपकिरी होतांच खुडून फडक्यांत बांधावें. कांहीं बोंडें रानासाठीं राखावीं. झुडूप उपटूं नये.

मृगाचा पाऊस पडतांच मुरमाड, निचऱ्याच्या जमिनींत बीं उथळ पेरावें. भिजल्यावर त्यावरील लव बुळबुळीत होऊन मातीस चिकटते. पहिल्या उन्हाळ्यांत अधूनमधून पाणी द्यावें. पुढें मूळ खोल गेल्यावर फारसें लागत नाहीं. पाणी सांचूं देणें हाच खरा धोका.

बागेचें वैभव पाण्याच्या उधळपट्टीनें येत नाहीं. जागा ओळखून झाड निवडण्याच्या विवेकानें येतें.