चेहऱ्याचं इंजेक्शन बिघडलं तर



मागच्या बैठकीत हिशेब संपल्यावर एक ताई मागे थांबली. तिच्या भाचीने लग्नाआधी एका पार्लरमध्ये इंजेक्शन देऊन ओठ भरून घेतले होते. चार दिवसांत ओठाच्या वर काळं पडलं, जखम झाली. लाजेपायी पोरगी घरातच बसली. आता कुणी सांगितलं, ‘स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, चेहरा होता तसा होईल.’ त्यासाठी ताईला गटातून कर्ज हवं होतं. तिने विचारलं, “खरंच गुण येतो का हो?” तिला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगते.

ओठ, गाल, नाक उठून दिसावं म्हणून कातडीखाली जे जेल भरतात, त्याला फिलर म्हणतात. बहुतेक फिलर हायलुरोनिक ॲसिडचं असतं. ते हळूहळू विरघळतं. सिलिकॉन मात्र विरघळत नाही, आत गाठी धरतं.

मोठा धोका कधी? फिलर रक्तवाहिनीत गेलं तर. पाटात माती पडली की पुढच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, वाफा सुकतो. तसंच रक्त अडलं की कातडी मरते. डोळ्याच्या रक्तवाहिनीत अडलं, तर दृष्टी जाऊ शकते.

म्हणून खुणा ध्यानात ठेवा. कातडी पांढरी पडणं, निळसर जाळी दिसणं, खूप ठणकणं, अंधूक दिसणं. यातलं काहीही झालं तर बर्फ किंवा हळद लावत बसू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात जा. दिसायला कमी झालं, तर १०८ ला फोन करा. तिथे मिनिटामिनिटाला किंमत आहे. हायलुरोनिक ॲसिडचं फिलर विरघळवणारं औषध आहे. त्याचं नाव हायलुरोनिडेज. ते जितक्या लवकर मिळेल तितकं बरं. म्हणूनच फिलर कुठलं होतं ते विचारून ठेवा, बाटलीचा किंवा खोक्याचा फोटो काढून ठेवा.

आता स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी. आपल्याच चरबीतून त्या काढून जखमेत सोडायच्या, असा हा उपाय. तो अगदीच हवेतला नाही. दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी २०१२ साली असे दोन रुग्ण बरे झाल्याचं लिहिलं. पण दोनच रुग्ण! नुसत्या मलमपट्टीने त्या जखमा किती भरल्या असत्या, ते त्यावरून कळत नाही. दोन वाफ्यांत पीक आलं म्हणून कुणी सगळं रान त्या बियाण्याने पेरत नाही.

आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ च्या नियमावलीत स्पष्ट सांगितलं आहे. रक्ताच्या काही आजारांसाठी या पेशींचं रोपण मान्य आहे. बाकी आजारांत त्या फक्त मंजूर संशोधनातच द्यायच्या, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत.

मग कुणी असं इंजेक्शन सुचवलं, तर तीन गोष्टी विचारा. हे संशोधन आहे का, त्याचा सरकारी नोंदणी क्रमांक काय? पैसे कशाचे घेता? आणि त्रास झाला तर जबाबदारी कुणाची, ते लिहून देता का? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर पिशवी उचला आणि घरी या.

भाचीचं काय झालं? कर्ज काढलं नाही. ती आता सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात जाते. जखम भरत आली आहे. डाग किती राहील, ते अजून सांगता येत नाही. पण ती म्हणाली, “मावशी, पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर!”

मैत्रिणींनो, आपल्या लेकी-सुनांनी असं काही केलं, तर आधी रागावू नका. रागाच्या भीतीनेच त्या लपवतात, आणि तेवढ्यात वेळ निघून जातो. आधी दवाखाना, बोलणं नंतर.