मुळ्याचा बेवड



मुळा म्हटला की आपल्याला भाकरी आठवते. पण अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याचे काही शेतकरी तो चक्क जमिनीत कुजायला पेरतात! चाऱ्याचा मका लवकर निघाला, की जमिनीत उरलेले नत्र हिवाळ्यात पाण्याबरोबर झिरपते आणि अखेर चेसापीक उपसागरात जाते. ऑगस्टअखेर मुळा टाकला, तर तो हे नत्र खोलवरून ओढून घेतो. त्याचे मूळ नांगराखालच्या घट्ट थरातही घुसते. पुढे पारा शून्याखाली सहा-सात अंश उतरला, की मुळा आपोआप मरतो आणि जमिनीला भोके राहतात. त्यांतून पाणी मुरते, पुढच्या पिकाची मुळेही त्याच वाटेने उतरतात. कुजताना वास मात्र असा सुटतो, की गॅस गळल्याची शंका यावी! शिवाय वसंतात लवकर पेरणी केली नाही, तर धरलेले नत्र पुन्हा निसटते.

मग आपणही पेरावा का? मी भूगोलाचा प्राध्यापक. तरी सांगतो, घाई नको. आपल्याकडे तशी थंडी कुठली? ठेवलेला मुळा मरायचा नाही, डिंगऱ्या धरील. शिवाय हवेतले नत्र त्याला घेता येत नाही. तागाला, धैंच्याला येते. ते फुलावर येताच गाडा.

गुरुजींनी मात्र शाळेच्या बागेत एक मुळा शेंड्यासह पाला कापून तसाच कुजू द्यावा, आणि मग मुलांकडून त्या भोकात तांब्याभर पाणी ओतवून पाहावे.