खारबावची मेमू, कापरेकर मास्तर आणि रोजची पंधरा मिनिटं

आजच्या भागात मागे थोडा आवाज येईल, त्याबद्दल आधीच सॉरी. खारबाव स्टेशनच्या बाकावर बसून रेकॉर्ड करतोय. वसई–दिवा लाइनीवर पॅसेंजर गाड्या मोजक्याच, एक चुकली की बसा वाट बघत. मालगाड्या मात्र भरपूर. मध्येच एखादी धडधडत गेली तर मी थांबतो, तुम्हीही थांबा.

विषय तोच, जो तुमच्यापैकी कितीतरी जण विचारतात. "दादा, पायथनचा कोर्स पूर्ण केला, व्हिडिओ सगळे बघितले, सर्टिफिकेट पण आहे. पण कोरी फाइल उघडली की हात चालत नाही."

माझंही हेच झालं होतं. एका क्लासची फी भरली होती, घरच्यांनी कशी भरली ते मला माहीत आहे. सहा महिने वहीत सगळं उतरवून घेतलं. मग ठाण्याला एका इंटरव्ह्यूला गेलो. समोरच्याने कागद दिला आणि म्हणाला, एक संख्या घ्या आणि तिचे आकडे उलटे करून दाखवा. बस, एवढंच. १२३४ चे ४३२१. मला लूप म्हणजे काय ते सांगता येत होतं, व्याख्या पाठ होती. लिहिता मात्र आलं नाही. पेन घेऊन बसलो आणि दहा मिनिटांनी "थँक यू" ऐकून बाहेर आलो. परत येताना कोपरला गाडी बदलली तेव्हा वाटलं, आता बास, गोडाऊनला स्कॅनिंगचं काम मिळतंय ते करू. त्या कामात वाईट काहीच नाही, आमच्या गावातली अर्धी पोरं तेच करतात. पण मला ते हरून करायचं नव्हतं.

आता माझ्या काकांचं सांगतो. ते भिवंडीत पॉवरलूमवर होते. धागा तुटला की लूम थांबतो, गाठ मारायची, पुन्हा चालू. काका माझ्याशी बोलता बोलता गाठ मारायचे, बोटांकडे बघायचेही नाहीत. मी एकदा विचारलं, कशी मारता? तर त्यांना सांगताच येईना. "थांब, करून दाखवतो," म्हणाले. माझं बरोब्बर उलटं होतं. मला सगळं सांगता येत होतं आणि करता काही येत नव्हतं.

तर सराव कशाचा करायचा? इथे मला एक माणूस भेटला. पुस्तकातून भेटला म्हणा, कारण ते १९८६ मध्येच गेले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. मग नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. १९६२ ला निवृत्त होईपर्यंत शाळेतच शिकवलं. गणितातली मोठी पदवी नाही, कॉम्प्युटर तर नाहीच. रोज आकड्यांशी खेळायचे, हाताने, कागदावर. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला नीट कळलं की देवळालीत असा एक मास्तर आहे.

आणि आपल्या लाइनीवरच्या लोकांसाठी खास गोष्ट. कोपरला खालच्या प्लॅटफॉर्मवर उतरून कल्याणकडची गाडी पकडली की पुढचं स्टेशन डोंबिवली. त्या डोंबिवलीला जुन्या जीआयपी रेल्वेच्या काळात डेम्लो म्हणायचे. कापरेकरांना तिथे काही संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्या संख्यांना नावच दिलं डेम्लो संख्या. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. चढायचं आणि उतरायचं, जिन्यासारखं. माणूस स्टेशनवर होता आणि डोक्यात हे चालू होतं! मी त्याच स्टेशनवर इतकी वर्षं रील्स बघत उभा राहिलो.

[मालगाडी जाते]

हां. तर मी ठरवलं, कापरेकरांचा एक खेळ रोज. मोबाईलवर पायड्रॉइड ३ नावाचं अ‍ॅप टाकलं, त्यात नेट नसलं तरी पायथन चालतो. लॅपटॉप नव्हताच.

पहिला खेळ त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध, १९४९ चा. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. जे येईल त्याचं परत तेच. उदाहरणार्थ ३५२४. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ चं परत करून बघा, ६१७४ च येतं. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत गाडी ६१७४ ला येऊन थांबते.

मी म्हटलं सोपं आहे. १००० पासून ९९९९ पर्यंत प्रत्येक संख्येला किती पायऱ्या लागतात ते छापू. लिहिलं, रन केलं. काहीच येईना. पाच मिनिटं झाली, मोबाईल गरम, स्क्रीन कोरी. वाटलं फोनची ताकद कमी पडते. भिवंडी रोड गेलं, कोपर आलं, तरी तेच.

भानगड काय होती ऐका. पहिलीच संख्या १०००. १००० वजा ०००१ म्हणजे ९९९. कापरेकर कागदावर लिहिताना ०९९९ लिहिणार, कारण खेळ चार आकड्यांचा आहे. माझ्या प्रोग्रामने पुढचा शून्य टाकून दिला. मग ९९९ वजा ९९९, शून्य. शून्यातून शून्य, शून्य. ६१७४ येईपर्यंत थांबू नको असं मीच सांगितलेलं, तो बिचारा कशाला थांबेल! शून्य ठेवला की गाडी नीट जाते: ०९९९, ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. पाच पायऱ्या.

म्हणजे संख्या आणि तिचं लिहिलेलं रूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंटिजर वेगळा, स्ट्रिंग वेगळी. हे क्लासमध्ये मी वहीत लिहून, खाली रेघ मारून घेतलं होतं. कळलं त्या दिवशी, कोपरला.

आता खरी गंमत. दुसऱ्या दिवशी फाइल डिलीट केली आणि पुन्हा कोऱ्यापासून लिहिलं. आणि तोच शून्य पुन्हा विसरलो! स्वतःलाच शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी मध्येच आठवला. मग चार दिवस दुसरे खेळ केले आणि परत याच्याकडे आलो, तेव्हा हाताने आपोआप चार जागा भरून घेतल्या. मला आठवावंच लागलं नाही. काकांची गाठ आठवली.

हे सगळं एका दिवसात चार तास बसून का होत नाही? हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये यावर पुस्तक काढलं. निरर्थक अक्षरं पाठ करायची, स्वतःवरच प्रयोग. त्याला दिसलं की एका बैठकीत सलग ६८ वेळा घोकून जेवढं पक्कं होतं, साधारण तेवढंच तीन दिवसांत वाटून ३८ वेळा घोकून होतं. पाठांतर आणि कोडिंग एक नाही, मान्य. पण रविवारी पाच तास बसून मंगळवारी सगळं विसरण्याचा अनुभव तुम्हालाही असेलच.

माझे नियम विचारता म्हणून सांगतो. कोरी फाइल. कॉपी-पेस्ट नाही. पंधरा-वीस मिनिटं, गाडी आली की बंद. कालचं आज न बघता पुन्हा लिहायचं, मग आठवड्याने पुन्हा. अडकलात तर कागदावर हाताने एक उदाहरण सोडवा, निम्म्या वेळा तिथेच चूक सापडते. एआयला विचारायचं असेल तर स्वतःचं लिहून झाल्यावर, तोपर्यंत नाही. एआय वाईट म्हणून नाही हो. तो शून्य मला त्याने भरून दिला असता, तर माझ्या लक्षातच आलं नसतं की तिथे शून्य होता. आणि एखादा दिवस चुकला तर चुकू द्या. त्या अ‍ॅपमधल्या स्ट्रीकच्या ज्वाळेसाठी रात्री पावणेबाराला कालचाच कोड चिकटवणारे मी पाहिलेत, मीही केलंय. त्याचा काही उपयोग नाही.

अजून एक खरं सांगतो. एवढ्याने नोकरी लागत नाही. मोठा प्रोग्राम कसा रचायचा, दुसऱ्याचा कोड कसा वाचायचा, हे या खेळांतून येत नाही, ते वेगळं शिकावं लागतं. पण ते शिकताना लूप कसा लिहू, स्ट्रिंग कशी कापू यावर डोकं खर्च होत नाही, एवढं नक्की. मला पुढच्या इंटरव्ह्यूलाही नाही म्हणाले. तिसऱ्याला हो म्हणाले. नाही म्हणाले तिथेही कागद कोरा ठेवून आलो नव्हतो.

या आठवड्यासाठी तीन खेळ देतो. एक, डेम्लोचा जिना दहा वेळा १ घेऊन करून बघा, नऊपर्यंत छान चढतो, दहाला काय होतं ते पाहा आणि का ते शोधा. दोन, ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ परत ४५. याला कापरेकर संख्या म्हणतात. हजारपर्यंतच्या सगळ्या काढा, २९७ तुमच्या यादीत नसेल तर काहीतरी चुकलंय. तीन, जरा अवघड. १५ मध्ये तिचेच आकडे मिळवा, १५ अधिक १ अधिक ५, आले २१. पण २० अशी कुठल्याच संख्येपासून मिळत नाही. अशांना कापरेकरांनी आपल्या गावाचं नाव दिलं, देवळाली संख्या. शंभरपर्यंतच्या शोधा.

आली वाटतं मेमू. कोड पाठवा, चुकलेला असेल तर आधी तो पाठवा. भेटू.