नाव गाळले तरी गाव उरते



समाजमाध्यमांवरील समूहांचा अभ्यास करताना संशोधकाने कोणती पथ्ये पाळावीत, या विषयावर बोलण्यासाठी आपण मला निमंत्रण दिलेत. पथ्ये सांगण्याआधी माझी स्वतःची चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी पेडणे तालुक्यातील बोलीवर लघुप्रबंध लिहीत होती. तिच्या मावशीने तिला वाड्यावरच्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात घेतले होते. धालो आणि फुगडीच्या सरावासाठी काढलेला हा गट. बायका तिथे गाणी तर लिहीतच, शिवाय घरची सुखदुःखेही ओवीच्या चालीत मांडत. भाषेच्या अभ्यासकाला याहून मोठे घबाड कोणते? तिने संदेश जसेच्या तसे उतरवले, नावे गाळली आणि त्या जागी ‘महिला क्रमांक ४’ असे लिहिले. मी प्रबंध वाचला आणि समाधानाने सही केली.

पुढे एका चर्चासत्रात तिने त्यातली एक ओवी वाचली. ओवी सासरच्या जाचाची होती. श्रोत्यांत शेजारच्या गावचे एक गृहस्थ बसले होते. एक खास शब्द आणि देवाचे नाव, एवढ्यावरून त्यांनी घर ओळखले. दोन दिवसांत गोष्ट त्या घरी पोहोचली. ती बाई गटातून बाहेर पडली. हळूहळू इतरजणींनीही लिहिणे सोडले. जे जतन करायला आम्ही गेलो होतो, ते आमच्याच हातून बंद पडले. त्या गावाचे नाव मी आजही घेत नाही आणि ओवीचा तपशीलही इथे बदलून सांगितला आहे.

मोठ्या शहरात नाव गाळले की माणूस गर्दीत मिसळतो. पेडण्यात किंवा डिचोलीत शब्दावरून गाव कळते, देवावरून वाडा कळतो आणि नात्यावरून घर. बोलीच्या अभ्यासात तर मूळ शब्द बदलताच येत नाही. म्हणजे आपल्या शास्त्राचा जो गुण, तोच इथे धोका ठरतो.

हे केवळ खेड्यातच घडते असे नाही. २००८ साली अमेरिकेत एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची फेसबुकवरची माहिती, नावे काढून, संशोधनासाठी खुली करण्यात आली. संस्थेचे नावही लपवले होते. तरी ती हार्वर्डची असल्याचे थोड्याच काळात उघड झाले आणि ती माहिती मागे घ्यावी लागली.

कायद्याकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला काही अटींवर सवलत आहे. पण सवलत म्हणजे त्या बाईची संमती नव्हे. वैद्यकीय संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि तिथे नैतिकता समितीपुढे जावे लागते. आपण मात्र ‘आम्ही कुणाला सुई टोचत नाही’ असे म्हणून मोकळे होतो.

मग सगळीच नावे झाकावीत का? त्याचेही उत्तर मला एका बाईनेच दिले. पहिल्या प्रसंगाने पोळलेली मी, डिचोली तालुक्यातील एका लेखात सर्व गायिकांची नावे गाळली. लेख दाखवायला गेले तेव्हा एक वृद्ध गायिका म्हणाली, “टीचर, गाणे माझे, आणि माझे नाव कुठे गेले?” मी निरुत्तर झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बायकांच्या नावांसह. तिथे नाव हाच सन्मान आहे.

एकीचे नाव उघडे पडले म्हणून ती दुखावली, दुसरीचे झाकले म्हणून. तेव्हा झाकावे की सांगावे, हे संशोधकाने ठरवायचे नाही. विचारायचे.

माझ्या विद्यार्थ्यांसाठी आता मी काही नियम केले आहेत. गटात आपण अभ्यासक म्हणून आहोत, हे पहिल्याच दिवशी सांगावे. गटप्रमुखाची परवानगी ही सर्वांची परवानगी मानू नये. ज्याचे शब्द घ्यायचे, त्याला वेगळे विचारावे. उद्धृत करण्याचा मजकूर आधी त्या व्यक्तीला वाचून दाखवावा. नाव द्यायचे की नाही, हे तिच्याकडून घ्यावे. छापून होईपर्यंत तिला नकार देण्याची मुभा असावी. परिशिष्टात फोन क्रमांक किंवा पडद्याची छायाचित्रे जोडू नयेत. आणि मार्गदर्शकाने सही करण्यापूर्वी ‘विचारलेस का?’ हा प्रश्न विचारावा. मी तो विचारला नव्हता.

या नियमांमुळे काही चांगले उतारे हातचे जातात, प्रबंधाला उशीर होतो. ते सोसावे. धालोच्या मांडावर आपण चपला काढून उभे राहतो. भ्रमणध्वनीवरचा गट हाही त्या बायकांचा मांडच आहे.