धसकटांचा ज्वर



आपल्याकडे वसंत सरत असतो तेव्हा अर्जेंटिनाच्या पंपा नावाच्या विस्तीर्ण सपाट मुलखात शरद ऋतू चालू असतो आणि मक्याच्या काढणीचा हंगाम भरात आलेला असतो. याच हंगामात, १९४० नंतरच्या दशकात, ब्युनोस आयरेस प्रांतातील शेतमजूर एका विलक्षण तापाने अंथरुणाला खिळू लागले. आणि पहिल्या आठवड्यात अंगदुखी, कंबरदुखी व डोळ्यांमागची ठणक एवढ्यावरच भागवणारा हा ताप दुसऱ्या आठवड्यात हिरड्यांतून रक्त आणून, किंवा भ्रम व झटके आणून, धडधाकट माणसाचा प्राण घेऊ लागला. कापणीनंतर उभ्या राहिलेल्या धसकटांत काम करणाऱ्यांनाच तो गाठतो, हे लोकांच्या ध्यानात आधी आले आणि त्यांनी त्याला धसकटांचा आजार म्हटले. १९५५ साली ब्रागादो येथील डॉक्टर रोदोल्फो आरिबालसागा यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि १९५८ साली आर्मांदो पारोदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांपासून त्याचा विषाणू वेगळा केला; हुनीन गावावरून त्याला हुनीन विषाणू म्हणतात. इलाज न झाल्यास शंभरांतील पंधरा ते तीस रुग्ण दगावत.

या रोगाचे मर्म ज्यास जाणून घ्यावयाचे आहे, त्याने रुग्णालयाची पायरी चढण्यापूर्वी शेताच्या बांधावर जाऊन बसले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कारण या विषाणूचा खरा धनी आहे कॅलोमिस मस्क्युलिनस नावाचा, पंधरा-वीस ग्रॅम वजनाचा, पिंगट पाठीचा रानउंदीर. आणि त्याचे हक्काचे वतन म्हणजे नांगराच्या फाळाने वगळलेली चिंचोळी पट्टी, कुंपणाच्या तारेखाली माजलेले गवत, रस्त्याची आणि लोहमार्गाची कड. संशोधकांनी सापळे लावून पाहिले तेव्हा बाधित उंदीर बहुतांशी याच पट्ट्यांत सापडले, आणि त्यांतही प्रौढ नर, अंगावर चावे व ओरखडे मिरवणारे, अधिक होते. म्हणजे जागेसाठी व मादीसाठी होणाऱ्या झटापटीतच हा संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जात असला पाहिजे. एकदा बाधा झाली, की तो उंदीर दीर्घकाळ, पुष्कळदा मरेपर्यंत, आपल्या लाळेतून व मूत्रातून विषाणू सांडीत फिरतो. ते मूत्र पाल्यावर वाळते, काढणीच्या धुळीत मिसळते, आणि मजुराच्या श्वासातून किंवा कणसांनी खरचटलेल्या हातांतून आत शिरते. यंत्राने काढणी होऊ लागल्यावर पात्यांखाली उंदीरही चिरडले जाऊ लागले आणि त्यांच्या रक्ताचे तुषार हवेत उडण्याचे नवे भय निर्माण झाले.

१८९६ च्या मुंबईच्या प्लेगापासून आपल्या आज्या-पणज्यांनी एक खूण गाठीशी बांधली होती, की घरात उंदीर पडू लागले म्हणजे घर सोडावे आणि माळावर झोपड्या घालून राहावे. पंपातील मजुराच्या नशिबी तीही खूण नव्हती, कारण हा उंदीर सहसा मरून पडत नाही. शेजारच्या बोलिव्हियात, सान होआकीन गावी, याच कुळातील दुसऱ्या विषाणूची साथ आली, तेव्हा १९६४ साली घरोघर सापळे लावून उंदरांचा निःपात करताच ती ओसरली. पण तेथला उंदीर घरात येणारा होता. पंपातील शेकडो कोसांच्या बांधांचा असा बंदोबस्त कोणते सरकार करणार? पाहता पाहता रोगाचा टापू १६,००० चौरस किलोमीटरवरून सुमारे १,५०,००० चौरस किलोमीटरपर्यंत पसरला. युद्धोत्तर काळात तणनाशकांनी शेतातील तणांची घडण पालटली आणि ती या उंदरास मानवली, असे काही अभ्यासक मानतात. पीकपद्धतीचा आणि रोगाचा संबंध जोडणारी ही दृष्टी मला मोलाची वाटते.

पेर्गामिनो येथे ठाण मांडून बसलेल्या डॉक्टर हुलियो मायस्तेगी यांनी रुग्ण वाचवण्याचा जो मार्ग काढला, त्याचा उल्लेख मी आदराने करतो. या आजारातून बरे झालेल्यांच्या रक्तातील द्रव नव्या रुग्णांस द्यावा ही तजवीज पूर्वीही होत असे. त्यांनी तिची काटेकोर परीक्षा घेतली आणि निष्कर्ष १९७९ साली प्रसिद्ध केले. साधा रक्तद्रव मिळालेल्या ९७ रुग्णांपैकी १६ दगावले. बरे झालेल्यांचा रक्तद्रव मिळालेल्या ९१ पैकी केवळ १. मात्र ताप आल्यापासून आठ दिवसांच्या आत तो दिला पाहिजे, ही त्यातील कठोर अट आहे. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टरने अंग दुखते म्हणणाऱ्या मजुराची टाळू उजेडात धरून तेथील बारीक लाल ठिपके पाहणे, काखेतील त्वचा न्याहाळणे, पांढऱ्या पेशी व बिंबाणू घटले आहेत काय हे त्याच दिवशी तपासून घेणे, यावर माणसाचे जगणे-मरणे ठरू लागले. आणि औषध कोठून येणार? गेल्या हंगामात याच तापातून उठलेल्या मजुराच्या दंडातून. एका मजुराचे रक्त दुसऱ्याच्या कामी येत होते, आणि बाहेरून विकत आणता येण्याजोगे असे त्यात काहीच नव्हते.

पुढे डॉक्टर बारेरा ओरो यांनी अमेरिकेतील प्रयोगशाळेत जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची लस सिद्ध केली. १९८८ ते १९९० या काळात दक्षिण सांता फे प्रांतात सुमारे ६,५०० पुरुषांवर, बहुतेक शेतीत राबणाऱ्यांवर, तिची चाचणी झाली, आणि ती शंभरांत पंचाण्णव इतकी परिणामकारक ठरली. १९९१ पासून जोखमीच्या भागातील प्रौढांना ती टोचली जाऊ लागली. परंतु एका देशाच्या काही प्रांतांतील मजुरांखेरीज या लसीस गिऱ्हाईक नाही; तेव्हा ती तयार करण्याचे काम पेर्गामिनोच्या सरकारी संस्थेने, जिला आज मायस्तेगींचे नाव आहे, आपल्या अंगावर घेतले आणि २००६ साली तेथल्या लसीस मान्यता मिळाली. देवीप्रमाणे हा रोग कधी कायमचा हटवता येणार नाही, कारण त्याचा विषाणू उंदरांत वस्ती करून आहे; शिवाय तो माणसाकडून माणसाकडे क्वचितच जातो, आणि म्हणून एकाने टोचून घेतल्याने शेजाऱ्याचे रक्षण होत नाही. बांधावरचा उंदीर आहे तोवर शेतात नव्याने उतरणाऱ्या प्रत्येक तरुणास ती सुई वेगळी द्यावीच लागते.