अंगठा देण्यापूर्वी



एच.आय.व्ही. बाधित माणसाला नव्या औषधाच्या प्रयोगात सामील होण्याविषयी विचारले जाते, तेव्हा त्याच्यापुढे संमतीचा कागद येतो. 'डॉक्टरसाहेब म्हणतात म्हणजे बरेच असेल' असे म्हणून आपला माणूस अंगठा उठवतो. ही श्रद्धा झाली, संमती नव्हे. गुरू सांगतो एवढ्यावरून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, हेच तथागतांनी कालामांना सांगितले.

उपचार वेगळा आणि प्रयोग वेगळा. सरकारी ए.आर.टी. केंद्रात 2004 पासून मोफत मिळणारा उपचार रुग्णाच्या हितासाठी आहे. प्रयोग हा एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी असतो. 'एच.पी.टी.एन. 052' या प्रयोगात पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही सहभागी होती. नऊ देशांतील 1,763 जोडपी त्यात होती. प्रत्येक जोडप्यात एकच जण बाधित. एका गटाला औषध लगेच, दुसऱ्याला प्रतिकारशक्ती घटल्यावर. कोण कोणत्या गटात, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले. 2011 साली निष्कर्ष आला : जोडीदाराकडून लागण झाल्याची 28 प्रकरणे, त्यांतील 27 थांबलेल्या गटातील. मग सर्वांना औषध देऊ केले गेले. वेळेवर औषध घेतल्यास लागण टळते, हे जगाला कळले. पण त्याची किंमत त्या घरांनी मोजली. म्हणून प्रयोगात जाणाऱ्याला असा धोका आधी कळलाच पाहिजे.

कायदा आपल्या बाजूने आहे. 2017 च्या एच.आय.व्ही. कायद्यानुसार माहितीपूर्ण संमतीविना बाधित व्यक्तीवर संशोधन करता येत नाही. निरक्षराच्या संमतीवेळी निष्पक्ष साक्षीदार लागतो. नकार दिला म्हणून नेहमीचा उपचार थांबत नाही. मध्येच बाहेर पडण्याचाही हक्क आहे.

वाशीम, रिसोड, मानोऱ्याहून कोणी मोठ्या शहरातील दवाखान्यात जात असेल, तर आम्ही त्याच्यासोबत जावे आणि कागद मराठीत वाचून दाखवावा. त्याने विचारावे : मी कोणत्या गटात जाईन, हे कोण ठरवणार? अपाय झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार? प्रयोग संपल्यावर औषध मिळेल काय? घरी विचार करायला वेळ द्याल काय?

विद्यार्थी मित्रहो, आम्ही वाचून दाखवायचे, निर्णय मात्र त्याचाच. आणि त्याचे नाव गावात कोणाच्याही कानी जाता कामा नये. शिक्षणाचा उपयोग इथे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!